ग्रँड विटारा ऑलग्रिप ऑटोमॅटिक: घोडबंदर रोड ते गावची चढण, एका पावसाळ्याचा अनुभव

मुद्द्याची गोष्ट आधीच सांगतो म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. आपल्याकडे वीस-बावीस लाखांच्या बजेटमध्ये हायब्रिड पण आणि ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद) पण अशी एसयूव्ही शोधायला गेलात तर मिळते, पण त्यातलं हायब्रिड म्हणजे माइल्ड हायब्रिड. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर सरकते ती स्ट्राँग हायब्रिड वेगळी, आणि ती फक्त पुढच्या चाकांवर चालते. दोन्ही एकत्र या पैशात नाही. म्हणजे शोरूमला जायच्या आधी घरात बसून ठरवायचं की आपल्याला पेट्रोल वाचवायचंय की निसरड्या चढावर गाडी वर चढायला हवीये. आम्ही दुसरं निवडलं, मारुतीची ग्रँड विटारा ऑलग्रिप घेतली, आणि पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं काढल्यावर सांगतो की आमच्यासाठी तेच बरोबर होतं. पण माझ्याच बिल्डिंगमधल्या दहातल्या नऊ जणांना मी ही गाडी घ्या म्हणून सांगणार नाही, का ते पुढे येईलच.

आमचं गरजेचं कारण एकदम साधं आहे. घर ठाण्यात, घोडबंदर रोडला वाघबीळच्या बाजूला, ऑफिस ऐरोलीला, आणि गाव चिपळूणच्या पुढे सावर्ड्याच्या आत. गावचं घर वाडीत खाली आहे, मेन डांबरी रस्त्यापासून खाली उतरायला जो रस्ता आहे तो अर्धा जांभ्याचा आणि अर्धा नुसता मातीचा, आणि त्यात एक वळण असं आहे की तिथे गाडी थांबली की संपलं, पुन्हा उचलायची म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतात. जुनी गाडी आम्ही पावसाळ्यात वरच रस्त्याला लावायचो आणि सामान घेऊन चालत उतरायचो. पण आता बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना त्या शेवाळलेल्या उतारावरून छत्री धरून चालवत न्यायचं म्हणजे माझाच जीव वर-खाली होतो. गणपतीला तर जायचंच असतं, ते चुकवायचा प्रश्नच नाही. त्यामुळे चारही चाकांना ताकद असलेली गाडी हा आमच्याकडे शौकाचा विषय नव्हताच.

आता पर्याय काय काय होते ते सांगतो कारण यातच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, माझाही सुरुवातीला झालेला आणि यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही बहिणी-बहिणी आहेत, दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीच्या टोयोटाच्या प्लँटमध्ये बनतात, आतली मशिनरी सारखीच. दोघींतही स्ट्राँग हायब्रिड आहे ज्यात १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सोबत इलेक्ट्रिक मोटर, दोघांची मिळून ताकद ११६ पीएस, आणि ०.७६ युनिटची लिथियम-आयन बॅटरी. बॅटरी चार्जिंगला लावावी लागत नाही, ब्रेक मारताना आणि इंजिनवर ती आपोआप भरते. एआरएआयच्या चाचणीतला मायलेजचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे, आणि तो प्रत्यक्षात पूर्ण मिळत नसला तरी ट्रॅफिकमध्ये ही गाडी बाकी कुठल्याही साध्या पेट्रोल गाडीला मागे टाकते, कारण जिथे आपली गाडी उभी राहून पेट्रोल जाळते तिथे हिचं इंजिन बंद असतं. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे आहे, त्याच्यासोबत मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत गेलोय, इंजिनचा आवाज अधूनमधूनच येत होता. खरंच मस्त प्रकार आहे.

दुसरीकडे ऑलग्रिप म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, ती येते १४६२ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनसोबत, १०३ पीएस, टॉर्क साधारण १३७ एनएम. त्याच्यावर जे हायब्रिड आहे ते म्हणजे इंजिनला बेल्टने जोडलेली एक छोटी मोटर जी स्टार्टरचंही काम करते आणि जनरेटरचंही, सोबत एक लहानशी लिथियम-आयन बॅटरी. ही मोटर गाडी एकटी ओढू शकत नाही, एक फूटही नाही. ती फक्त सिग्नलला बंद झालेलं इंजिन झटकन चालू करते, उचलताना थोडा हात देते आणि ब्रेक मारताना थोडी वीज गोळा करते. शोरूममध्ये सेल्सवाला नुसतं हायब्रिड म्हणतो तेव्हा लगेच विचारायचं की माइल्ड की स्ट्राँग, कारण दोन्हींच्या रोजच्या वापरात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

माझा मावसभाऊ कॅनडात असतो, त्याच्याकडे रॅव्ह-फोर हायब्रिड आहे, तिच्यात मागच्या चाकांसाठी स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर असते, पुढून मागे जाणारा दांडाच नाही, त्यामुळे स्ट्राँग हायब्रिड आणि चारही चाकं हे दोन्ही जमतं. तो फोनवर सारखा म्हणायचा तीच घे म्हणून, पण ती आपल्याकडे विकतच नाहीत. तशी सिस्टिम इथे हवी असेल तर लेक्सस एनएक्स ३५०एच आहे, पण तिची किंमत बघितली की ठाण्यात नाही पण गावाकडे एक छोटं घर येईल. डिझेलमध्ये महिंद्राची एक्सयूव्ही सेव्हन डबल ओ ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये होती, ताकदीला प्रश्नच नाही, पण आमच्या सोसायटीचं पोडियम पार्किंग आणि त्यातले खांब बघता पावणेपाच मीटरची गाडी रोज आत घालणं म्हणजे डोक्याला ताप. जिम्नी मनापासून आवडली, तिच्यात लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) गिअरबॉक्स आहे आणि आमच्या चढणीला ती हसत चढेल, पण चार जणांची गाडी आहे, आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगी एवढे बसणार कुठे. विटारा ४३४५ मिलिमीटर लांब, पाच जण बसतात, २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. तिच्यावर येऊन थांबलो.

आधी ऑलग्रिप फक्त मॅन्युअल गिअरमध्ये यायची आणि बायकोची अट होती की ऑटोमॅटिकच, कारण रोज गाडी तीच जास्त चालवते, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून तिच्या पायाला गोळे येतात. २०२५ मध्ये ऑलग्रिपला सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला आणि मग विषयच मिटला.

बुकिंगची मजा वेगळीच आहे. ऑल-व्हील-ड्राइव्ह फार कमी लोक घेतात त्यामुळे शोरूममध्ये डेमो गाडी नसते. ठाण्यात विचारलं, नवी मुंबईत विचारलं, सगळीकडे उत्तर एकच, सर फ्रंट-व्हीलची ऑटोमॅटिक चालवून बघा, सेमच आहे. सेम नाहीये. इंजिन-गिअरबॉक्स तेच पण मागे वजन वाढतं आणि एआरएआयचा मायलेजचा आकडाही खाली येतो, फ्रंट-व्हील ऑटोमॅटिकचा २०.५८ तर ऑलग्रिपचा एकोणीसच्या आसपास. आणि ज्यासाठी गाडी घ्यायची तेच बघता येत नाही. शेवटी ओळखीतून डोंबिवलीच्या एका काकांची मॅन्युअल ऑलग्रिप मिळाली, काका इतके चांगले की स्वतः गाडी घेऊन मलंगगडाच्या बाजूला एका कच्च्या रस्त्यावर आले, चालवायला दिली, मोड बदलून दाखवले. ते बघूनच पैसे भरले. तुम्हीही असा कोणी मालक शोधा, मालक लोक मनापासून वेळ देतात.

पैशांचं आता नीट ऐका, इथे लोकांना फसल्यासारखं वाटतं कारण आधी कोणी समजावून सांगत नाही. एक्स-शोरूम दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स १२ टक्के. इलेक्ट्रिकला सूट आहे, हायब्रिडला आपल्याकडे तशी नाही, उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला ते ऐकून बरेच जण इथल्या शोरूममध्ये विचारत असतात. एक्स-शोरूम दहा लाखांच्या वर गेलं की १ टक्का टीसीएस (शोरूम आपल्याकडून आधीच घेऊन भरतं तो इन्कम टॅक्स) लागतो, तो मात्र खर्च नाही, इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये ॲडजस्ट होतो, फक्त पावतीवर पॅन बरोबर आहे का ते बघा आणि नंतर इन्कम टॅक्सच्या साइटवरच्या जमा टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम दिसतेय का तेही बघा. आमची गाडी आली तेव्हा या साइजच्या गाडीवर जीएसटी आणि सेस मिळून ४५ टक्के होते, स्ट्राँग हायब्रिडवर ४३. मग २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्याच दिवशी, सेस गेला आणि दोन्हींवर सरसकट ४० टक्के झाला. म्हणजे आम्ही दसऱ्यापर्यंत थांबलो असतो तर बऱ्यापैकी पैसे वाचले असते, पण गणपती आधी होते आणि गाडी गणपतीसाठीच हवी होती, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटत नाही. आता घेणाऱ्यांना मात्र फायदा आहे आणि तो फायदा एक्स-शोरूममध्ये दिसला पाहिजे, जुन्या प्राइस लिस्टवर डिस्काउंट म्हणून दाखवत असतील तर नवीन लिस्ट मागा.

इन्शुरन्स शोरूमचाच घेतला पाहिजे असं कुठेही गेलात तरी सांगतात, कॅशलेस होणार नाही वगैरे भीती घालतात. असा काही नियम नाही, पॉलिसी कुठूनही घेता येते. मी बाहेरून कोटेशन आणलं, समोर ठेवलं, आणि त्यांनी स्वतःहून त्यांचं खाली आणलं. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची झीज कापत नाहीत ते कव्हर) तर घ्याच पण ठाणे-मुंबईत राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शन सोडू नका. पाण्यात गाडी बंद पडली आणि कोणी पुन्हा स्टार्ट मारला तर इंजिनमध्ये पाणी जाऊन जो खर्च येतो तो साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी हे वेगळं कव्हर लागतं. ॲक्सेसरीजचं पॅकेज घ्याच, नाहीतर गाडी उशिरा मिळेल, असं सूचक बोलणंही झालं, मी फक्त मॅट आणि मडफ्लॅप घेतले आणि बाकीच्याला सरळ नाही म्हटलं. शांतपणे नाही म्हणायचं, आवाज चढवायची गरज पडत नाही.

डिलिव्हरीच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा, हे माझं हात जोडून सांगणं आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही टायरचे बघा. पत्र्यावर बोट फिरवून बघा, काचांवरचे कोड एकाच गाडीचे वाटतात का बघा, चॅसिस नंबर कागदाशी जुळवा, खाली वाकून सस्पेन्शनला गंज आहे का बघा कारण यार्डात गाड्या उघड्यावर पावसात उभ्या असतात. आणि २०२५ ला पाऊस किती लवकर आला आठवतंय ना, २६ मेलाच मान्सून मुंबईत, त्यामुळे आमची गाडी आली तेव्हा सगळा यार्ड चिखल. मी टॉर्च घेऊन गेलो होतो, सेल्सवाला मुलगा चांगला होता, त्याने स्वतः बॉनेट उघडून सगळं दाखवलं. एका दरवाजाचं रबर नीट बसलेलं नव्हतं ते तिथल्या तिथे बसवून घेतलं. नंबर एमएच-०४, आईला बेरीज नऊ हवी होती ती परिवहनच्या साइटवर थोडे पैसे भरून मिळाली, आई खूश.

आता रोजचं. घोडबंदर रोड ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको, मेट्रो ४ चं काम, सर्व्हिस रोडचं काम, गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की वरपासून खालपर्यंत सगळं जाम, आणि अवजड गाड्या. अशा ठिकाणी माइल्ड हायब्रिडचा फायदा किती? खरं सांगायचं तर थोडाच. गाडी पूर्ण थांबली, ब्रेकवर पाय दाबून ठेवला की इंजिन बंद होतं, पाय काढला की लगेच चालू, बेल्टवाली मोटर असल्यामुळे साध्या स्टार्टरसारखा खर्र आवाज आणि हिसका नाही, हा भाग एकदम सुखाचा. पण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना नुसता पंखा वारा देतो, आणि ऑक्टोबर हीटच्या दुपारी कापूरबावडीला उभं असताना मिनिटभरात आत गरम व्हायला लागतं आणि मग गाडी स्वतःच इंजिन चालू करते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये कॉम्प्रेसर इलेक्ट्रिक असतो, इंजिन बंद असलं तरी एसी थंडच. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये बसणाऱ्याला हा फरक मायलेजपेक्षाही मोठा वाटेल. बायको तर दुपारी निघाली की स्टार्ट-स्टॉपचं बटण बंदच करून टाकते.

मायलेज म्हणाल तर ट्रॅफिकमध्ये अकरा-बारा, ऐरोलीला लवकर निघालो आणि रस्ता मोकळा मिळाला तर चौदापर्यंत जातं, हायवेला ऐंशी-नव्वदच्या स्पीडने सोळा-सतरा. टाकी ४५ लिटरची. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीसकट मुंबईच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, ते पैसे आता पेट्रोलमध्ये जातात असं समजतो. जे लोक कागदावरचा एकोणीसचा आकडा बघून घेतील त्यांना शहरात त्रास होईल, म्हणून स्पष्ट सांगितलं.

खड्ड्यांना मात्र गाडी भारी आहे. सतरा इंचाची चाकं, टायरची भिंत जाड आहे, त्यामुळे पातलीपाड्याच्या पुलाखालच्या खड्ड्यात चाक गेलं तरी दणका आत पोचत नाही. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या सर्व्हिस रोडवर बाबा मागे बसलेले असतात आणि कुरकुर करत नाहीत, हे माझ्यासाठी मोठं सर्टिफिकेट. आत एअर प्युरिफायर आहे त्याच्यावर धुळीचा आकडा दिसतो, आणि मेट्रोच्या कामाच्या पट्ट्यातून जाताना तो आकडा काच जरा उघडली की कसा सर्रकन वर जातो आणि बंद केल्यावर हळूहळू खाली येतो ते बघून मुलीने आता सिगारेट ओढणाऱ्या रिक्षावाल्याच्या शेजारी गाडी थांबली तरी आधी काच वर करायची सवय लावून घेतलीये. तिला दम्याचा थोडा त्रास आहे म्हणून मला या गोष्टीचं खास कौतुक.

हायवेला इंजिनची ताकद बेताची आहे हे मान्य करूनच चालवायची गाडी आहे ही. पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि कसारा घाटात ट्रकला ओव्हरटेक करायचंय तर आधीपासून तयारी करावी लागते, स्टेअरिंगमागच्या पॅडलने एक गिअर खाली घ्यायचा, इंजिनचा आवाज वाढू द्यायचा आणि मग निघायचं. टर्बो गाडीतून आलेल्याला हे संथ वाटेल. मला चालतं, घरची माणसं बसलेली असताना मला तसंही घाई करायची नसते. उतरताना पॅडलने गिअर खाली ठेवला की ब्रेकवर ताण येत नाही, हे ऑटोमॅटिकवाल्यांनी घाटात करायलाच हवं.

आता गणपती. मुंबई-गोवा हायवेचं काय सांगू, पेणपर्यंत बरं, इंदापूर-माणगावला नेहमीसारखी रांग, पुढे कशेडीचा बोगदा झाल्यापासून मात्र खरंच जीव सुटला, घाटातला सगळा वेळ वाचतो. कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास मिळतो तो आधीच काढून काचेला लावला होता. परशुराम घाट उतरून चिपळूण, सावर्डे, आणि मग आमचा रस्ता. आदल्या रात्री धो धो पडून गेलेला, शेतांत पाणी, रस्त्याच्या कडेला तेरडा फुललेला.

उतरताना हिल डिसेंटचं बटण दाबलं, पाय ब्रेकवरून काढला, गाडी स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावत कर्र कर्र आवाज करत चालण्याच्या वेगाने खाली आली. बाबा थेट अंगणात उतरले. पहिल्यांदा. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी बाजारातून मूर्ती आणायला वर जाताना होती. मी मुद्दाम त्या वळणावर थांबवली, जिथे जुनी गाडी कायम हरायची. जांभ्यावर हिरवं शेवाळ, डाव्या चाकाखाली लाल चिखल. आधी ऑटो मोडवर ठेवून हळूच ॲक्सिलरेटर दिला. पुढचं डावं चाक फिरलं, अर्धा सेकंद, चिखल उडालेला आरशात दिसला, आणि मग मागून कोणीतरी खांदा लावल्यासारखी गाडी वर सरकली. पुन्हा खाली घेतली, लॉक मोड लावला, या वेळी चाक फिरलंच नाही, सुरुवातीपासूनच मागच्या चाकांना ताकद जात होती, गाडी सरळ चढली. चुलतभाऊ वर कठड्यावर बसून बघत होता तो उठून उभाच राहिला. तो स्नो नावाचा जो मोड आहे ना, तो आपल्याकडे काय कामाचा असं सगळे म्हणतात, पण ओल्या मातीवर तो चांगला चालतो, ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ करतो त्यामुळे चाक एकदम फिरत नाही. सपाट चिखलाच्या वाटेला मी तोच लावतो, चढणीला लॉक. लॉक हा कमी वेगासाठी आहे, वेग वाढला की गाडी आपोआप ऑटोवर येते.

पण एक गोष्ट जिवावर बेतू शकते म्हणून सांगतो. चारही चाकांना ताकद म्हणजे गाडी ओल्या रस्त्यावर लवकर थांबेल असं अजिबात नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, थांबायचं काम टायर आणि ब्रेक करतात, ऑलग्रिपचा तिथे काही संबंध नाही. वळणावर जोरात घातली तर ही पण घसरेल. आणि पाणी साचलेल्या रस्त्यात ही गाडी एसयूव्ही आहे म्हणून घालू नका, हवा आत घेणारं तोंड बाकीच्या गाड्यांसारखंच समोर आहे. पाणी दिसलं तर थांबायचं, पाण्यात बंद पडली तर स्टार्ट मारायचा नाही, ढकलून बाहेर.

मेंटेनन्समध्ये तीन-चार गोष्टी फ्रंट-व्हीलपेक्षा वेगळ्या आहेत ज्या डिलिव्हरीच्या वेळी कोणी सांगितल्या नाहीत. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच साइजचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत, एक टायर फाटला म्हणून एकच नवीन टाकला असं करायचं नाही, नाहीतर चाकांच्या फिरण्यात फरक पडून मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो. म्हणून टायर रोटेशन वेळेवर. मागच्या डिफरन्शियलचं आणि पुढच्या ट्रान्स्फरचं तेल वेगळं असतं, सर्व्हिसला टाकताना तोंडाने विचारा की तपासलं का. आणि गाडी बंद पडून टो करायची वेळ आली तर पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर घासत न्यायची नाही, फ्लॅटबेडच मागवायचा. आमच्या इथे चुकीच्या पार्किंगला उचलणारी क्रेन येते तेव्हा मी या एका कारणासाठी पैसे देऊन पार्किंग शोधतो. बाकी सर्व्हिस हजार किलोमीटरला पहिली, मग पाच हजारला, त्यात लेबर नाही.

आतलं थोडक्यात. व्हेंटिलेटेड सीट पुढे आहेत आणि दमट हवेत त्या एसीपेक्षा जास्त सुख देतात. हँडब्रेक बटणाचा आहे, चढावर सोपं जातं. मागे मधल्या माणसाच्या पायात बोगद्याचा उंचवटा येतो, तिथे मुलगी बसते तोपर्यंत ठीक, मोठ्या माणसाला चिपळूणपर्यंत अवघड. डिकी स्ट्राँग हायब्रिडपेक्षा मोठी आहे कारण तिथे बॅटरी डिकीची जागा खाते, आमच्या तांदळाच्या गोण्या, नारळ, आईच्या बरण्या सगळं बसलं. आईला चढायला उंची बरोबर आहे, वाकावंही लागत नाही आणि उडीही मारावी लागत नाही.

तर मी कोणाला सांगेन घ्या म्हणून? ज्यांचं गाव कोकणात आत आहे, घाटमाथ्यावर शेत आहे, फार्महाऊसला कच्चा रस्ता आहे, घरात वयस्कर माणसं आहेत, त्यांनी डोळे झाकून घ्या. आणि ज्यांची गाडी ठाणे-मुंबईच्या बाहेर वर्षातून एखाद-दोनदा लोणावळ्याला जाते त्यांनी तेवढ्याच पैशात स्ट्राँग हायब्रिड घ्या, ट्रॅफिकमध्ये ती तुम्हाला रोज सुख देईल जे माझी गाडी मला देऊ शकत नाही. फक्त सोसायटीत शेजारच्याने घेतली म्हणून ऑलग्रिपचा बॅज लावायला लाख-दीड लाख जास्त घालू नका.

आणि टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा एकटे जाऊ नका, सगळं घर घेऊन जा, पाचही जण बसवा, एसी फुल करा आणि शोरूमवाला हायवेचा सरळ तुकडा दाखवायला लागला तर त्याला म्हणा उपवनवरून येऊरच्या चढाला घे, तिथे अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा उचला. एखाद्या मालकाची ऑलग्रिप मिळालीच तर पाऊस पडून गेल्यावर जा, कोरड्या रस्त्यावर ती आणि साधी ऑटोमॅटिक यातला फरक कळणार नाही.